वाळवंटात जायचंय? आधी मंगलदास मार्केटला जा

डिसेंबरात आम्ही पाच जण जैसलमेरला डेझर्ट नॅशनल पार्कात माळढोक (गवताळ माळावरचा मोठा, दुर्मिळ पक्षी) बघायला गेलो होतो, त्याचे फोटो टाकले तेव्हापासून मला पक्षी कुठे दिसला यापेक्षा "ते कपडे कुठून घेतलेस" हेच जास्त विचारलं जातंय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

मी पण सुरुवातीला ऑनलाईन शिकारीचे कपडेच शोधत होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, पण बाहेरच्या देशांत शिकाऱ्यांसाठी जे कपडे बनतात तेच आपण कॅमेरेवाले वापरतो, कारण गरज तीच आहे ना, तासन्‌तास गप्प बसायचं आणि दिसायचं नाही. डेकॅथलॉनचा सोलोग्नॅक हा ब्रँड पण मुळात शिकाऱ्यांसाठीचाच, आणि त्यातल्या साध्या एकरंगी पँटा खरंच स्वस्त आणि चांगल्या आहेत. पण वाळवंटाचा म्हणून जो सेट मला आवडला होता तो सात हजारांच्या वर जात होता. एवढे पैसे खर्च करून चार दिवस घालायचे आणि मग डोंबिवलीच्या दमटपणात कपाटात बुरशी धरू द्यायची, हे मला पटेना.

आणि कॅमोफ्लाज, म्हणजे लष्करासारखं ठिपक्याठिपक्यांचं छापील कापड, तर घेऊच नका, हे मी हात जोडून सांगते. जैसलमेर हा सीमेवरचा जिल्हा आहे. 2022 च्या आर्मी डेला आलेल्या नव्या डिजिटल युनिफॉर्मचं डिझाईन लष्कराने स्वतःच्या नावावर रजिस्टर केलंय, तसलं काही अंगात दिसलं तर चौकशी होणारच आणि ती व्हायलाच हवी. आमच्यातल्या एकाने रस्त्यावरून घेतलेलं तसलं जॅकेट आणलं होतं, ते त्याला पहिल्याच नाक्यावर काढून बॅगेत ठेवावं लागलं आणि बिचारा पूर्ण सकाळ जीपमध्ये कुडकुडत बसला. शिवाय ते हिरवंगार पानांचं डिझाईन जंगलासाठी असतं, थरच्या वाळवंटातल्या पिवळ्या गवतात ते उलट उठून दिसतं. खाकी या शब्दाचाच अर्थ धुळीचा रंग, मग वेगळं काय पाहिजे?

तर मी मुंबईतल्या कापडाच्या मंगलदास मार्केटात गेले, खाकी ड्रिल (जाड सुती कापड) पँटीसाठी आणि मातकट रंगाचं सुती कापड शर्टासाठी घेतलं. कापड घरी आणून रात्रभर पाण्यात भिजवलं (हे विसरू नका, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं) आणि परळच्या आमच्या नेहमीच्या मास्टरांकडे दिलं. ते माप घेताना म्हणाले, "ताई, एवढा ढगळ कशाला? तीन इंच जास्त होतोय." म्हटलं मास्टर, ढगळच पाहिजे, कॉलर उंच पाहिजे, बाही मनगटापर्यंत आणि खिशाला वेल्क्रो अजिबात नको, बटणं लावा, कारण वेल्क्रो ओढल्यावर जो फर्रकन आवाज होतो तो त्या उघड्या माळावर कुठच्या कुठे जातो. पँटीला पुरुषांच्या पँटीसारखे खोल खिसे शिवून घेतले, बायकांच्या रेडीमेड पँटीत लेन्सचं झाकणसुद्धा मावत नाही. कापड आणि शिलाई धरून सतराशेच्या आत काम झालं.

ढगळ का, ते नीट सांगते, कारण मुंबईकराची नेमकी इथेच चूक होते. आपल्याला उकाडा म्हणजे घाम, घाम म्हणजे कमी कपडे, हेच माहीत. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळतच नाही, तो उडून जातो, फक्त पाठीवर मिठाचे पांढरे डाग राहतात. तिथे अंग झाकून ठेवायचं आणि कापडाच्या आत हवा खेळती ठेवायची. डिसेंबरात दुपारी पंचविशीच्या आसपास असतं पण पहाटे सात-आठ डिग्री, वर वारा. मग पहाटे आत थर्मल, त्यावर स्वेटर (थंडीत तिबेटी लोक विकायला बसतात त्यांच्याकडचा), त्यावर आपलं पावसाळी ट्रेकचं विंडचीटर आणि सगळ्यात वर हा ढगळ शर्ट. विंडचीटर वरून घातलं तर हात हलवला की चुरचुर वाजतं आणि माझं तर भडक निळं आहे, शर्टाखाली गेलं की आवाजही दबतो आणि रंगही. दहा वाजले की एकेक काढत जायचं.

डोक्याला मी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा अर्धा तुकडा बांधला होता. इतकं मऊ झालेलं कापड विकत मिळत नाही. मान, कान, नाक सगळं झाकतं, उडणारी वाळू अडवते आणि कॅमेऱ्यावर टाकायलाही होते.

पायाचं मात्र मी चुकवलं. लोकरीचे जाड मोजे घेऊन गेले आणि थरमध्ये भुरट नावाचं गवत असतं, त्याची काटेरी बोंडं लोकरीत अशी रुततात की उपटताना बोटं सोलली. मोजे गुळगुळीत विणीचे घ्या आणि पँटीची मोहरी मोज्यात खोचा, नाहीतर वरून कापडाची पट्टी गुंडाळा. जाळीचे रनिंग शूज नकोत, वाळू आत जाते, कॅनव्हासचे उंच बूट पुरतात.

शेवटचं, धुण्याचं. पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, बऱ्याच जातींना अतिनील प्रकाशही दिसतो, आणि "चमकदार सफेदी"वाल्या पावडरींमध्ये जी उजळवणारी द्रव्यं असतात त्यांनी कापड निळसर चमकतं. म्हणून हा सेट मी रिठ्याच्या पाण्यात धुते, नीळ नाही, पावडर नाही. सासूबाई म्हणतात कपडे मळकट दिसतायत. दिसू देत. पार्कातल्या सुदासरीला गवताच्या कडेला बसलो होतो तेव्हा माळढोकाची मादी चालत चालत आली, मान उंच करून आमच्या दिशेला बघितलं आणि पुन्हा खाली वाकून टिपायला लागली. दीडशेसुद्धा माळढोक उरले नाहीत हो निसर्गात. ती आमच्यामुळे उडाली नाही, एवढ्यासाठी मी हे कपडे आणखी दहा वर्षं असेच मळकट ठेवीन.

मास्टरांचा पत्ता कोणाला हवा असेल तर मेसेज करा, पण दिवाळीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नका, तेव्हा ते कोणाचंच घेत नाहीत.