खोक्यातलं होल्स्टनवाल: रंगवलेल्या सावल्यांची नोंदवही

८ जून

दिवाळीतल्या किल्ल्यानंतर कटरला हात लावला नव्हता. परवा बुटांचा रिकामा खोका रद्दीत टाकायला निघाले आणि दारातूनच परत फिरले. ३२ सेंटीमीटर लांब, आतून पांढरा, झाकण काढलं की एक बाजू उघडी. याच्यात 'डॉ. कॅलिगारी' बसतो!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' हा १९२० चा जर्मन मूकपट, दिग्दर्शक रोबर्ट वीने. होल्स्टनवाल नावाच्या गावच्या जत्रेत एक म्हातारा आपला खेळ घेऊन येतो. त्याच्या उभ्या पेटीत सेझारे नावाचा माणूस, वय २३, आणि तेवढी सगळी वर्षं झोपेत. म्हातारा त्याला जागं करतो, तो लोकांचं भविष्य सांगतो. ॲलन नावाचा तरुण हौसेने विचारतो, मी किती जगेन? उत्तर येतं, पहाटेपर्यंत. आणि तसंच होतं.

आज हा सिनेमा कुणाला घाबरवेल असं मला वाटत नाही. पण त्यातलं गाव एकदा पाहिलं की डोळ्यांसमोरून हलत नाही. एक भिंत ओळंब्यात नाही, खिडक्या फाटक्या पतंगासारख्या, धुराडी पेंगत असल्यासारखी, आणि उजेड-सावल्या चक्क ब्रशने रंगवलेल्या. मला त्यातली एकच जागा करायची आहे. रात्री सेझारे ज्या भिंतीला अंग घासत नायिका जेनच्या घराकडे सरकतो, ती भिंत. ती झाली की त्याच भिंतीवर चार सेकंदांचं स्टॉप मोशन, म्हणजे पुतळा जरा जरा हलवत एकेक फोटो घेऊन केलेली हालचाल. बस्स.

१० जून

आधी मापं. अख्खा सिनेमा बर्लिनच्या वाइसनझे भागातल्या लिक्सी स्टुडिओत, डिसेंबर १९१९ च्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, छपराखाली उरकलेला आहे. बाहेर जाऊन घेतलेलं एकही दृश्य नाही. जत्रा, गल्ल्या, छपरं, डोंगराकडे जाणारी वाट, सगळं आत. सेटही लहानच, रुंदीला आणि खोलीला सहा मीटरच्या वर नाहीत. पडद्यावर जे गाव वाटतं ते आमचा हॉल आणि किचन एकत्र केलं तर मावेल.

सहा मीटर भागिले २४ म्हणजे बरोबर २५ सेंटीमीटर. खोका ३२ चा. म्हणून प्रमाण १:२४ धरलं. माणूस सात-साडेसात सेंटीमीटरचा होईल, तार वाकवायला तेवढा पुरे.

१६ जून

मूळ सेट लाकडी चौकटींवर ताणलेल्या कॅनव्हासचे आणि कागदाचे, नाटकाच्या पडद्यांसारखे. मग मी फोमबोर्डवर नुसता रंग फासून चालणार नाही. मांजरपाट आणला, मैद्याची खळ शिजवली, बोर्डवर कापड चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवलं. सकाळी पाहते तर डावा कोपरा कुरतडलेला. झुरळं! पावसाळ्यात मैद्याची खळ म्हणजे त्यांना पंगतच. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, खळीत मोरचूद नाही घातलास?" पुस्तकबांधणीवाले घालतात तसं. दुसऱ्या घाण्यात चिमूटभर घातलं (हातमोजे घालून, आणि ते भांडं आता स्वयंपाकातून कायमचं बाद). झुरळं फिरकली नाहीत, पण कापडाला फिकट निळसर झाक आली. मी वैतागले. ती झाक पुढे कशी निकालात निघाली ते खाली येईलच.

कापड वाळेपर्यंत थोडं विषयांतर. हे सेट तिघांचे: हेर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग. वार्म सेटवाला, बाकीचे दोघे मुळात चित्रकार. पटकथा कार्ल मायर आणि हान्स यानोविट्झ यांची. ती वार्मच्या हाती आली तेव्हा त्याने या दोघांना सोबत घेतलं, आणि अभिव्यक्तिवादी (मनातली खळबळ दाखवायला आकार मोडणाऱ्या) चित्रांसारखं रंगवू या ही कल्पना राइमानची, असं वार्मने पुढे सांगितलं. सिनेमाची चौकट म्हणजे जिवंत झालेलं रेखाटन असलं पाहिजे, हे वार्मचं मत.

आता गंमत बघा. 'कॅलिगारी' बर्लिनमध्ये झळकला २६ फेब्रुवारी १९२० ला. त्याच महिन्यात पुण्यात बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' लागला. तोही चित्रकाराचाच सिनेमा. बाबूराव आणि आनंदराव या कोल्हापूरच्या भावांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवूनच नाव काढलं होतं. आणि सिनेमात आल्यावर बाबूरावांनी काय केलं, तर रंगवलेला पडदा सोडून भरीव, आत वावरता येतील असे सेट उभे केले. इकडे कोल्हापूरचा पेंटर पडद्यातून बाहेर पडत होता, तिकडे बर्लिनचे पेंटर मुद्दाम पडद्यात शिरत होते. या दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नाही. मला मात्र तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

२३ जून

भिंत उभी. चौकोनी काही ठेवायचं नाही हे वाटतं तेवढं सोपं नाही. हात सवयीने काटकोनात जातो. पहिली भिंत 'थोडी वाकडी' झाली आणि ती फक्त चुकलेली दिसली. मग नियम केला: कोन किमान १५ अंशांनी तरी मोडायचा. वाकडेपणा हेतुपुरस्सर वाटायला तो भरपूर लागतो.

रस्ता मागे निमुळता होत जातो. पुढे १४ सेंटीमीटर रुंद, मागे चार. जमीनही रंगवायची आहे, कारण मूळ सेटमध्ये जमिनीवरसुद्धा पट्टे आणि तिरप्या रेघा आहेत. या सगळ्याची मेख अशी की चित्र जुळतं ते एकाच जागेवरून. फोन दोन बोटं बाजूला सरकवला की गल्ली कोसळते आणि फक्त पुठ्ठे उरतात. कॅमेरामन विली हामाइस्टरचा कॅमेरा या सिनेमात बहुतेक वेळ एका जागी का खिळलेला असतो, ते मला पुठ्ठा कापताना कळलं. फोनसाठी विटेवर खुणा करून ठेवल्यात. जवळून वाइड लेन्सने घेतलं तर कडा फाकतात, म्हणून वीट मागे सरकवून दुप्पट झूम.

२७ जून

काम शून्य. मधल्या मधे कारकुनाचं स्टूल केलं. सिनेमात नगरपालिकेचा कारकून माणसाच्या उंचीच्या स्टुलावर कुबड काढून बसतो, आणि जत्रेचा परवाना मागायला आलेला कॅलिगारी खाली ताटकळत उभा. कारकून वसकतो, आणि त्याच रात्री मरतो. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे स्टूल समजावून सांगायला नको. काडेपेटीच्या काड्या, उंची साडेसात सेंटीमीटर.

४ जुलै

आज पहिल्यांदा दिवा लावून फोटो घेतला, आणि जे दिसलं ते इतकं भंगार होतं की खोका बंद करून ठेवला.

झालं असं. भिंतीवर मी सगळ्या सावल्या डावीकडे पडलेल्या रंगवल्यात. धुराड्याची लांब काळी जीभ, खिडकीखालचा त्रिकोण, दिव्याच्या खांबाशी पांढरी चांदणी. आणि माझा टेबललॅम्प होता डावीकडे. म्हणजे धुराड्याची खरी सावली उजवीकडे, रंगवलेली डावीकडे. दोन सूर्य असल्यासारखं. लॅम्प उजवीकडे नेला तर आणखी वाईट, कारण खरी सावली रंगवलेलीच्या शेजारी पडली आणि दोघींच्या कडा जुळेनात. खरी कड जराशी विरघळलेली असते, रंगवलेली सुरीने कापल्यासारखी. शेजारी ठेवल्या की दोन्ही खोट्या दिसतात.

तासभर डोकं खाजवल्यावर सिनेमा पुन्हा लावला आणि या वेळी माणसं सोडून फक्त उजेड पाहिला. बहुतेक दृश्यांत तो समोरून, सपाट, सारखा पसरलेला. आपण 'जर्मन भयपट' म्हटलं की कवडसे आणि अंधार डोळ्यांसमोर आणतो, आणि इथे दिव्यांना जवळपास गप्प बसवलेलं. साहजिक आहे. उजेड रंगानेच पाडून ठेवलाय, मग खऱ्या दिव्याने मध्ये मध्ये बोलायचं कशाला?

दोन लॅम्प, दोन्ही समोर, फोनच्या अलीकडे-पलीकडे, प्रत्येकापुढे ट्रेसिंग पेपर. खोक्याच्या छताला पांढरा कागद. खरी सावली जवळजवळ गेली आणि भिंतीवरची एकदम बोलायला लागली. अख्ख्या महिन्यात एवढा आनंद झाला नव्हता.

९ जुलै

रंगाचं. मी पोस्टर कलरमध्ये फक्त काळा-पांढरा न वापरता खिडक्यांच्या चौकटी लाल केल्यात, कारण त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्याला आंधळी होती. लाल तिला काळाच दिसायचा आणि निळा भलताच उजळ. फोनच्या साध्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये माझी लाल चौकट मध्यम राखाडी आली, अगदी मिळमिळीत. मग चॅनल मिक्सरमध्ये (कुठला रंग किती उजळ यावा ते ठरवायची सोय) लाल शून्य, हिरवा ४०, निळा ६० असं ठेवलं. चौकट कोळशासारखी काळी! आणि मोरचुदाची ती निळी झाक? पांढऱ्यात गडप. आईला फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला.

मूळ पडद्यावर मात्र नुसतं काळं-पांढरं नव्हतं. फिल्मच्या पट्ट्या रंगवलेल्या असत, निळसर, हिरवट, तपकिरी. २०१४ ची दुरुस्त केलेली फोरके (4K, खूप बारकावे दाखवणारी) आवृत्ती पाहा असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठीच. ती मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून केलेली आहे. पहिली रीळ निगेटिव्हमध्ये नव्हती, ती इतर प्रतींवरून भरली आणि रंग लॅटिन अमेरिकेत सापडलेल्या जुन्या प्रतींवरून ठरवले. आधीच्या धुरकट डीव्हीडीत मला ब्रशचे फटकारे दिसलेच नव्हते. नव्यात कापडाच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात. काहींना त्याने मजा गेल्यासारखं वाटतं. मला तर त्या सुरकुत्या पाहूनच हा उद्योग सुचला.

१४ जुलै

सेझारे. आत तांब्याची तार, वर टिश्यूचे वेढे, त्यावर काळा रंग. कोनराड फाइट हा नट मुळातच सडपातळ आणि उंच, त्यात अंगाला घट्ट काळे कपडे. पहिला पुतळा मी नीट स्नायूबियू देऊन केला आणि तो सर्कशीतला पहिलवान दिसला. दुसऱ्यात सगळं काढून टाकलं: एक रेघ, दोन हात, पांढरा चेहरा, डोळ्यांभोवती काळं.

तो भिंतीसमोर उभा केला आणि सावलीचं भांडण परत सुरू. सपाट उजेडातही मागे एक पुसट छाया पडतेच. मग सिनेमातलं दृश्य फ्रेम फ्रेम करून पाहिलं. फाइट भिंतीच्या पुढून चालत नाही, तो भिंतीवरून सरकतो. हात वर ताणलेला, अंग चिकटलेलं, पाय जणू भिंतीतूनच फुटलेले. अभिनय म्हणून त्याचं कौतुक होतंच, पण पुतळा हातात घेतल्यावर मला त्यातली दुसरी सोयही दिसली. भिंतीला चिकटलेल्या माणसाची सावली भिंतीवर वेगळी उरत नाही. तो रंगवलेल्या रेघांमधली आणखी एक रेघ होतो. वेर्नर क्राउसचा कॅलिगारीही असाच, आखडलेला, काठी टेकत तुरुतुरु. बाकीचे नट त्याच सेटमध्ये घरच्यासारखे वावरतात, आणि मला ते पाहुणे वाटतात.

पुतळ्याच्या पाठीला ब्लू टॅक (चिकट, मऊ लांबी) लावला. आता तो भिंतीवर बसतो, पालीसारखा.

२० जुलै

शूटिंग. सेकंदाला १८ फ्रेम धरल्या, दर पोझ दोनदा, म्हणजे चार सेकंदांना ३६ पोझ. प्रत्येक वेळी चार मिलिमीटर पुढे. बाविसाव्या पोझला लॅम्पच्या उष्णतेने ब्लू टॅक मऊ पडला आणि सेझारे तोंडावर आपटला. भाचा शेजारी बसला होता, तो म्हणाला, "मावशी, हा परत झोपला."

फ्रेम टाकून न देता तिथूनच पुन्हा चिकटवला. पडद्यावर तिथे एक हिसका दिसतो. तो ठेवणार आहे. झोपेत चालणाऱ्याला एखादी ठेच माफ.

२२ जुलै

चार सेकंद झाले. सहा वेळा पाहिले.

आता भाग दोन, आणि इथे मी अडकलेय. मला ॲलनचा खून करायचा आहे. तो सिनेमात थेट दिसत नाही. बिछान्यात दचकून उठलेला ॲलन, आणि मग भिंतीवर नुसत्या सावल्यांची झटापट. रंगवलेल्या नाहीत, खऱ्या. ज्या सिनेमात सावल्या ब्रशने भिंतीला खिळवून ठेवल्यात, त्यात खून करायला हलणारी सावली आणली आहे. इतका वेळ जिला मी कागद लावून हाकलत होते, तीच आता हवी. भिंत कोरी ठेवायला लागेल, एकही रेघ नाही, आणि कडा तीक्ष्ण यायला दिवा बारीक लागेल. टेबललॅम्प नाही चालणार. मोबाइलची टॉर्च, पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून, असा विचार आहे. कुणी करून पाहिलं असेल तर भोक किती मिलिमीटरचं ठेवलंत ते सांगा. ट्रेसिंग पेपर आज काढून ठेवला.