१.२ मिनिटं

रविवार, रात्रीचे साडेअकरा. कळवा.

मशीनवर झाकण घातलंय, लेक झोपलीय. तिची गणिताची वही अजून कटिंगच्या टेबलावर उघडीच आहे. आज जे झालं ते लिहून ठेवल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा जानेवारीत आहे. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक स्कूलमध्ये मुलींनाही घेतात हे कळलं, तेव्हापासून तिने सातारा मनात धरलंय. देशातलं पहिलं सैनिक स्कूल तेच, १९६१ चं. हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पेपर ३०० गुणांचा आणि त्यातले १५० एकट्या गणिताचे. ५० प्रश्न, प्रत्येकी ३ गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, एवढा दिलासा. बाकीचं ती आपलं आपण करते. अडतं ते अपूर्णांक आणि दशांशात.

महिनाभर मी त्याला वेंधळेपणाच म्हणत आले. ०.३५ मोठं की ०.६? तिने ०.३५ ला गोल केला. "लक्ष कुठंय तुझं?" मी ओरडले. ३ ÷ १/४ चं उत्तर तिने ३/४ काढलं, ०.३ × ०.२ चं ०.६. दर वेळी माझं तेच वाक्य. परवा तर ती रडवेली होऊन म्हणाली, "लक्ष होतं गं आई." मी ते ऐकलंच नाही, ब्लाऊजची डिलिव्हरी होती.

आज दुपारी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचं ठरलं. १२५ प्रश्न, १५० मिनिटं. मी भागाकार केला, १.२ आला. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं: एका प्रश्नाला १ मिनिट २० सेकंद. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडलं आणि हळूच म्हणाली, "आई, असं केलं तर मला १६६ मिनिटं ४० सेकंद लागतील. पेपर तर १५० चाच आहे ना?"

मी पुन्हा बघितलं. मिनिटाचे दहा भाग केले तर एक भाग ६ सेकंदांचा, दोन भाग १२ चे. एक मिनिट बारा सेकंद! मला घाई नव्हती, लक्षही होतं. तरी पॉइंटनंतरचा २ मला वीस सेकंदच वाटला, आणि लिहिताना शंकासुद्धा आली नाही. मग तिला पस्तीस हे सहापेक्षा मोठे वाटले, तर तो वेंधळेपणा कसा? कशाचे भाग आहेत, तेच आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर नव्हतं. घरात आम्ही "पॉइंट पस्तीस" म्हणतो. दशांशानंतरचे आकडे सुटे वाचायचे, तीन पाच असे, ते उगाच नाही.

मी तिला सॉरी म्हटलं. ती लाजली.

मग पेपर बाजूला ठेवला आणि गळ्यातला टेप काढून टेबलावर पसरला. इतकी वर्षं तो माझ्या गळ्यात आहे, पण असा कधी पाहिला नव्हता. एका बाजूला इंच, त्याचे आठ-आठ भाग. आम्ही त्याला सूत म्हणतो. दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, त्याचे दहा-दहा. म्हणजे एका अंगाला अपूर्णांक, दुसऱ्या अंगाला दशांश. (दोन्ही बाजूंची गल्लत व्हायला नको म्हणून इंचाची बाजू आधी उलटी घातली.) "मीटरचे ०.६ दाखव." तिने आधी ६ वर बोट ठेवलं. मग मीटरचे दहा भाग मोजत ६० वर गेली, ०.३५ साठी मागे ३५ वर आली, आणि स्वतःशीच "हां" म्हणाली.

भागाकाराला लेस घेतली, तीन मीटर. "३ भागिले पाव" असं म्हणायचंच नाही, "तीनमध्ये पाव किती वेळा बसतो?" असं विचारायचं. पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरच्या घड्या घालत गेली, बारा झाल्या. भागल्यावर उत्तर वाढतं कसं, हा तिचा जुना प्रश्न होता. मी त्यावर नुसतं "उलटा करून गुण" एवढंच सांगत आले होते. एका मीटरमध्ये चार पाव, म्हणून चारने गुणायचं. हे तिनेच मला सांगितलं.

अपूर्णांक मला परके नाहीत. चौतीसच्या छातीचा पाव भाग साडेआठ, पस्तीसचा पावणेनऊ, हे मी झोपेतही सांगेन. सासऱ्यांना अजून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येते. पाच पाऊण विचारलं की पुढच्या क्षणी पावणेचार. पण आम्हाला तोंडपाठ आहे म्हणून तिला समजलं, असं होत नाही.

पदावलीत अजून गोंधळ आहे. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ आहे, पण त्यातला "चे" तिच्या नजरेतून निसटतो. १२ ÷ १/२ चे ४ याचं उत्तर ती ९६ काढते. आधी अर्ध्याचे चार, म्हणजे २, मग १२ ÷ २, उत्तर ६. त्याला दोन-चार दिवस लागतील.

आणि ०.३ × ०.२ राहिलंय. ते टेपवर दाखवता येत नाही, त्याला लांबी-रुंदी दोन्ही हवी. चिंध्यांच्या पिशवीत चौकडीच्या कापडाचा तुकडा सापडला. आडव्या दहा, उभ्या दहा चौकटी मोजून कापून ठेवलाय. उद्या शाळेतून आली की खडूने तीन ओळी आखायच्या आणि दोन उभ्या पट्ट्या. दोन्हींत येणाऱ्या चौकटी तिलाच मोजू देईन.

भिंतीवरच्या कागदातले २० तिने झोपायच्या आधी स्केचपेनने खोडून १२ केलेत.