वान्यामामाचा कळवळा यावा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून. जळगाव-धुळ्याकडची हौशी मंडळी रशियन नाटककार चेखॉवचं 'अंकल वान्या' बसवायला घेतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो: भाची आणि मेव्हण्यासाठी जन्म झिजवलेला हा मामा एवढा ओरडतो, रडतो, तरी प्रेक्षक त्याच्या बाजूने का होत नाहीत?

कारण त्याचा हिशेबच प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही. तिसऱ्या अंकात मामा स्वतः आकडे सांगतो आणि नट नेमके तेच संतापात गिळतो. इस्टेट 95 हजार रुबलला घेतली. वडिलांनी 70 हजार भरले, 25 हजारांचं कर्ज राहिलं. बहिणीसाठी मामाने वारशातला हिस्सा सोडला, वर 10 वर्षं बैलासारखं राबून कर्जही फेडलं. पगार सालाचे 500, आणि 25 वर्षांत एका रुबलची वाढ नाही. सगळा पगार मिळून साडेबारा हजार, म्हणजे फेडलेल्या कर्जाच्या निम्मा! आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदारही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडीही, नवं साल ठरवताना वाढ मागतो. मामाने ती कधी मागितली नाही.

हिस्सा सोडल्याचं वाक्य तर जपून घ्या. आपल्याकडे हक्कसोड बहिणी लिहून देतात. इथे भावाने सोडलंय, आणि इस्टेट आता भाची सोनियाची आहे. हे भरभर म्हटलं तर कुणाच्याच लक्षात येत नाही. त्या वाक्याआधी थांबा, आवाज खाली आणा.

प्रोफेसरला, म्हणजे मामाच्या त्या मेव्हण्याला, खलनायक करू नका. इस्टेटीतून जेमतेम 2 टक्के सुटतात, ती विकून पैसे रोख्यांत घातले तर 4-5 टक्के मिळतील, उरलेल्या पैशांत फिनलंडमध्ये छोटा बंगला घेऊ, हे त्याने सभ्यपणे, हसतमुखाने मांडलं पाहिजे. तो जितका शहाणा दिसेल तितका मामाचा संताप खरा वाटतो.

मग गोळी. मामा ती प्रोफेसरवर झाडतो, तोंडाने "ठो!" म्हणतो, नेम चुकतो. इथे लोक हसणारच. हसू दाबायला पार्श्वसंगीत घालू नका, ती मोठीच चूक. हसू ओसरू द्या. मामा पिस्तूल जमिनीवर आपटून खुर्चीत कोसळतो, तेव्हाच प्रेक्षक त्याच्याकडे वळतो.

कपड्यांचं थोडक्यात: ठिगळं नकोत. पहिल्याच अंकात तो आपला झोकदार टाय नीट करतो. मामा 47 वर्षांचा, शिकलेला आहे, म्हणून भाषाही प्रमाणच ठेवा. म्हाताऱ्या दाईला मात्र अहिराणी छान शोभेल.

चौथ्या अंकात त्याची खोली दिसते: जमाखर्चाच्या वह्या, तराजू, पिंजऱ्यातला पक्षी, भिंतीवर कुणाच्याच कामाचा नसलेला आफ्रिकेचा नकाशा, आणि शेतकऱ्यांच्या पायांनी फरशी मळू नये म्हणून दाराशी चटई. नेपथ्यात काटछाट करायचीच तर पक्षी काढा, चटई राहू द्या. रोज कोण या खोलीत येतं ते तिच्यावरून कळतं. मग तो लिहायला बसतो: 2 फेब्रुवारी, तेल 20 फुंट, 16 फेब्रुवारी, पुन्हा तेल 20 फुंट. (20 फुंट म्हणजे सुमारे 8 किलो.) नटाने खरंच वहीत लिहावं आणि हात चालेल त्याच वेगाने बोलावं. रडणं सोनियाच्या शेवटच्या भाषणापर्यंत राखून ठेवा. तिसऱ्या अंकातच ते संपवलं, तर तिने रुमालाने त्याचे डोळे पुसण्याला काही अर्थ राहत नाही.