वारा पडला की

डिसेंबरातली दुपार. भाचीचा चेंबूरहून फोन. "आत्या, आमच्याकडे सकाळी २१० होतं."

मला काही कळेना. आम्हा जळगावकरांना आकडा म्हटलं की फक्त तापमान सुचतं. मे महिन्यात जळगाव पुढे की भुसावळ, यावर इथे ओट्यावर भांडणं होतात. पारा ४५च्या आत राहिला तर काही लोक चक्क हिरमुसतात. डिसेंबरात २१० कसले?

"हवेचे गं," ती म्हणाली. हवा किती खराब, ते सांगणारा आकडा. २००च्या वर गेलं की सरकारी तक्त्यात 'वाईट'.

तीन बाजूंना समुद्र असून या मुंबईकरांना हवा पुरू नये? पण समुद्र असून भागत नाही, त्याच्यावरून वारा सुटावा लागतो. दिवसा जमीन तापली की वारा दर्यावरून आत येतो, रात्री जमीन निवली की उलटा बाहेर जातो. थंडीत आतला वारा उशिरा सुटतो. त्यात पहाटे जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार थर, म्हणजे धुराला वर जायला वाटच नाही. गाड्या, भट्ट्या, बांधकामाची धूळ, सगळं खालीच साचतं. बरं, रात्री समुद्रावर गेलेला धूर दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याबरोबर थोडाफार परतही येतो. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस मिळून सगळं धुऊन काढतात. पाऊस गेला, वारा फिरला, की पुन्हा ऑक्टोबरपासून खोकला सुरू.

मला धूर बघायची जुनी खोड आहे. देवापुढे उदबत्ती लावली की माझे हात जोडलेले आणि डोळे धुराकडे. थंडीत सकाळी गिरणेकाठच्या वीटभट्ट्यांचा धूर बघण्यासारखा असतो. थोडा सरळ चढतो, आणि मग काय होतं कोण जाणे, तिथेच आडवा होऊन पसरतो. मुंबईवर जे बसतं तेच हे, आमच्या वाट्याला जरा कमी येतं इतकंच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधल्या खोलगट पट्ट्यात थंडी साचते तसा धूरही साचतो.

वाऱ्याची वाट बघणं मी आबांकडून शिकले. अमळनेरकडच्या आमच्या खळ्यावर फेब्रुवारी-मार्चात दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, उपणायची असे. मळणी झालेली, रास पडलेली, आबा तिपाईवर चढून हातात पाटी घेऊन उभे. आणि वारा नाही. खाली आम्ही पोरं, आजी, दोन गडी, सगळे गप्प. एखादं पान हललं की सगळ्यांच्या माना तिकडे. आबा चिमूटभर भुसा वरून सोडून बघायचे. तो सरळ पायाशी पडला की म्हणायचे, "वारा कथा गया व्हई?" वारा कुठे गेला असेल? कुणी हसलं तर आजी डोळे वटारायची. वाऱ्याच्या तोंडावर हसू नये म्हणे. आबा तापट माणूस, घरात कुणाचं एक ऐकायचे नाहीत, पण त्या तिपाईवर तासभर निमूट उभे राहायचे. दुपार कलली की पश्चिमेकडून एकदम झुळूक यायची, आणि मग पाटीमागून पाटी. दाणे पायाशी, भुसा लांब. आमच्या केसांत, डोळ्यांत, पाण्याच्या माठात भुसाच भुसा. रात्रभर अंग खाजायचं. तरी त्या दिवशी आबा जेवताना दोनदा हसत.

आता यंत्रातून दादर साफ होऊन निघते. वाऱ्याकडे कुणी बघत नाही.

नाही कसं? साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. जून-जुलैत त्या अशा गरगरतात की बघणाऱ्याला भोवळ यावी. थंडीत त्यांतल्या कितीतरी नुसत्या उभ्या. मुंबईकर खोकतात तेव्हाच आमच्या पवनचक्क्या रिकाम्या बसतात. त्यांनाही आबांसारखं तिपाईवर चढवून ठेवलंय.

हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तुझं काहीतरीच." मग म्हणाली, मास्क लावते, खिडक्या बंद ठेवते, एक हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं म्हणते. घेईलही. तिला परवडतं.

तिच्या घरापासून माहुल काही लांब नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या लोकांना माहुलच्या इमारतींमध्ये आणलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथे पावसाळा आला, वारा सुटला, म्हणून शेजार बदलत नाही. लोक आजारी पडले, कोर्टात गेले. २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितलं, यांना राहायला दुसरीकडे जागा द्या, नाहीतर भाड्यासाठी महिना १५ हजार रुपये द्या.

भाडं. हवेसाठी.