रामनाथपुरम ते अरिचलमुनै सायकलने: वाऱ्याचं कुणीच सांगत नाही

तमिळनाडूतल्या रामनाथपुरमहून रामेश्वरम, धनुष्कोडी करत अरिचलमुनै या जमिनीच्या शेवटच्या टोकापर्यंत सायकलने जायचं म्हटलं, की 'रस्ता सपाट आहे, आरामात होईल' असं ज्याला विचारावं तो सांगतो. चढ नाही हे खरं, पण वाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. धनुष्कोडीपुढचा वारा कुठल्याही घाटापेक्षा वाईट आहे.

रामनाथपुरम ते रामेश्वरम साधारण 55 किलोमीटर. मंडपमपर्यंत वेडी बाभूळ आणि ऊन, सांगण्यासारखं काही नाही. पाणी भरपूर घ्या. पांबनच्या रस्तापुलावरचे लोखंडी सांधे सरळच ओलांडा, तिरकं चाक घालू नका. शेजारच्या रेल्वेपुलाचे फोटो काढायला गाड्या मध्येच थांबतात, तिथे जपून.

खरा त्रास धनुष्कोडीच्या अलीकडचं मुकुंदरायर चत्तिरम ते अरिचलमुनै या साडेनऊ किलोमीटरमध्ये आहे. दोन्हीकडे समुद्र, आडोसा शून्य. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. वारा उजवीकडून, थेट आडवा. अंग वाऱ्यावर रेलून सायकल हाकावी लागते. शेजारून बस गेली की वारा क्षणभर तुटतो आणि सायकल बसकडेच झुकते. दोनदा जीव घशाशी आला. वाळू पिंडऱ्यांना टोचते, चेनमध्ये शिरते. परतताना वारा पाठीशी असेल ही आशा सोडा, तेव्हाही तो आडवाच.

माझं मत स्पष्ट आहे: जून ते सप्टेंबर हा पट्टा सायकलने करू नका. फेब्रुवारीत जा, उजाडताच निघा, बॅगा रामेश्वरमला ठेवा, गॉगल विसरू नका. संध्याकाळी पोलीस पुढे सोडत नाहीत.

22 डिसेंबर 1964 च्या रात्रीच्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्या आसपास मच्छीमारांच्या झोपड्या. एक बाई वाळूतल्या हातभर खड्ड्यातून वाटीने हंडा भरत होती. दर वाटीनंतर गाळ खाली बसेपर्यंत थांबायची. पाणी चक्क गोडं! दोन्ही बाजूंना खारा समुद्र असताना ही माणसं असं पाणी मिळवतात. गावाचे फोटो काढून निघून जाऊ नका, त्यांच्याकडून तळलेले मासे घ्या.

वाऱ्याबद्दल कुणीतरी खरं सांगितलं ते परतीला, पांबनच्या चहाच्या टपरीवर. 'या दिवसांत आम्हीसुद्धा होडी काढताना दहादा विचार करतो,' तिथले तीन मच्छीमार म्हणाले. मग विषय वळला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या होड्यांकडे. 1974 मध्ये इथल्या मासेमारीच्या समुद्रातलं कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेलं, तो राग रामनाथपुरम मतदारसंघात आजही ताजा आहे. 2024 ला पुन्हा निवडून आलेल्या इथल्या खासदार नवास कनींकडून काय हवं, असं विचारलं तर तिघांनीही एकच सांगितलं: होड्या सोडवून आणा.

अरिचलमुनैला एक टेम्पोवाला सायकलींसकट रामेश्वरमला सोडायचे 1500 रुपये मागत होता. सरळ लूट आहे, देऊ नका. धनुष्कोडीपर्यंत सायकल हातात धरून चाला, पुढे दुसरी गाडी बघा.