नोंदवही, भाग ९ : पाऊण पट्टी आणि कोरा रकाना

मंडळी, 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेच्या सिनेमांचं यश कशात आहे ते शोधायला आपण प्रत्येक सिनेमा प्रसंगागणिक मोजून तक्त्यात मांडतोय. त्यातल्या 'दुसऱ्याचा तक्ता हातावेगळा झाला' असं मागच्या भागात मी छातीठोकपणे लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. सहा आठवडे रात्री जागून भरलेल्या तक्त्यातली एकही वेळ बरोबर नाही. आणि हे शोधून काढलं आईच्या पेटीनं.

तर झालं असं. 'दुसऱ्या'च्या, म्हणजे 'द रॅथ ऑफ खान'च्या वेळा माझ्या आणि हाच सिनेमा मोजणाऱ्या आपल्या नाशिककरांच्या जुळत नव्हत्या, हे तुम्हाला माहीतच आहे. सुरुवातीला फरक किरकोळ, मग दर दहा मिनिटांमागे साधारण चोवीस सेकंद. मी प्रत्येक प्रसंगाला त्यांच्या आधी पोचायचो. मधेच एखाद्या ठिकाणी मी एकदम मिनिटभर मागे पडायचो आणि पुन्हा हळूहळू पुढे सरकायला लागायचो. मी अर्थातच दोष त्यांच्या स्टॉपवॉचला दिला. त्यावर त्यांनी कोरडेपणानं कळवलं, 'मी स्टॉपवॉच वापरत नाही, प्लेअरवरचा आकडा उतरवतो.' चार दिवस अबोला. (नाशिककर, जाहीर माफी. मिसळ माझ्याकडून.)

मग मी व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवून पहिली वीस मिनिटं परत मोजली. माझे आकडे तेच. लॅपटॉप बदलून पाहिला, तरी तेच. माझ्या डिस्कची एकूण लांबी १११ मिनिटं आणि वर काही सेकंद, चित्रपटगृहातली आवृत्ती ११३ मिनिटांची. मी मनाशी म्हटलं, सुरुवातीची निर्मात्याची पाटी आणि शेवटची नामावली कुठेतरी छाटली असणार, सोडून द्या. हे 'सोडून द्या' मला सहा आठवड्यांना पडलं.

गेल्या रविवारी दुपारी नोंदी भरताना याच सिनेमाच्या, जेम्स हॉर्नरच्या संगीताचा अल्बम लावला होता. तो संपला आणि तपासणीसाठी मी डिस्क सुरू केली. तीच सुरुवातीची धून. आई आतून म्हणाली, "अरे, मघाशी हे खाली होतं ना? आता पट्टी का चढवली त्यांनी?" मी म्हटलं, "अगं, तेच आहे ते." तिनं चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतल्या आहेत, 'तेच आहे' वगैरे तिच्यापुढे चालत नाही. पेटी बाहेर आली. अल्बमचा सूर धरला, मग डिस्कचा. एक पट्टी वर म्हणावं तर तिथपर्यंत पोचत नाही, खाली म्हणावं तर बसत नाही. शेवटी तिनं भाता सोडला आणि निकाल दिला, "पाऊण पट्टी चढलंय."

पाऊण! मी पाच मिनिटं नुसता बसून होतो.

ज्यांच्या डोक्यात प्रकाश पडला त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चित्रित होतो, आपल्याकडची आणि युरोपातली पॅल पद्धत २५ ची. मग पॅल डिस्क करताना सरळ मार्ग असा, की सिनेमा थोडा जोरात पळवायचा. वेग चार टक्के वाढतो, लांबी चार टक्के घटते आणि मुद्दाम दुरुस्त केला नाही तर आवाजही चढतो. किती? गणित केलं तर एका पट्टीच्या ०.७ च्या आसपास. आईची पाऊण पट्टी. आणि मिनिटामागे २.४ सेकंद म्हणजे दहा मिनिटांमागे बरोबर चोवीस.

पण मग ११३ मिनिटांचा सिनेमा साडेएकशेआठ मिनिटांत संपायला हवा. माझा १११ ला का संपतो? तर ही डिस्क चित्रपटगृहातल्या आवृत्तीची नाहीच. ही दिग्दर्शकाची वाढीव आवृत्ती, ११६ मिनिटांची. ११६ ला चार टक्के कात्री लावा, १११ आणि वर काही सेकंद. एक चूक सिनेमा लांबवत होती, दुसरी आखडत होती आणि दोघींनी मिळून मला बरोब्बर फसेल असा आकडा दिला. जुन्या डिस्क विकणाऱ्या ज्या गृहस्थांनी 'थिएटरवाली, शंभर टक्के' असं सांगून कव्हरशिवाय साध्या पाकिटात ती पाठवली, त्यांचं नाव घेत नाही. पण एक सल्ला : कव्हर नसलेली डिस्क फुकट मिळाली तरी तिच्यावर तक्ता बांधू नका.

खरं म्हणजे पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या तक्त्यात होता. ओळ २३, पेरणी (पुढे उपयोगी पडणारी गोष्ट आधी दाखवून ठेवणं) : 'इंजिन-रूमची पाहणी. मुख्य अभियंता स्कॉटी सांगतो, हा पोरगा माझ्या बहिणीचा धाकटा.' पुढे कापणी (पेरलेल्याचं फळ) : 'जखमी भाच्याला उचलून स्कॉटी थेट ब्रिजवर, जहाजाच्या नियंत्रण-कक्षात येतो.' नाशिककरांच्या तक्त्यात ही पेरणी नव्हती. त्यांच्याकडून राहून गेली असं मी धरून चाललो. राहून गेली नव्हती, त्यांच्या आवृत्तीत ती नाहीच. १९८२ च्या जूनमध्ये ज्यांनी हा सिनेमा पाहिला, त्यांच्यासाठी तो पोरगा म्हणजे नुसता एक उत्साही प्रशिक्षणार्थी होता. स्कॉटी त्याच्यासाठी एवढा का कोसळतो हे न कळताही त्यांनी पहिल्या शनिवार-रविवारात १ कोटी ४३ लाख डॉलरची तिकिटं काढली. तोवर तो विक्रम होता. म्हणजे भाग ६ मध्ये मी जो सिद्धांत मांडला होता, 'दुसऱ्यात एकही कापणी पेरणीशिवाय नाही', तो गेला. एक आहे. आणि तिच्यावाचून कुणाचं अडलं नाही.

हे पचायला दोन दिवस लागले. मग २०१६ ची ब्लू-रे मागवली, दोन्ही आवृत्त्या एकाच डिस्कवर आणि वेग मुळातला. महाग आहे, पण पाकिटवाल्याला आजवर जेवढे दिले त्यापेक्षा कमीच. आता चित्रपटगृहातल्या आवृत्तीवर नव्यानं मोजतोय, दोन-तृतीयांश झालं आहे. जुन्या वेळांना १.०४१७ नं गुणून काम भागेल असं काहींनी सुचवलं, पण वाढीव प्रसंग मधेमधे घुसलेले असल्यामुळे तेवढ्यानं भागत नाही. शिवाय एकदा शंका शिरली की गुणाकारावरही विश्वास बसत नाही.

परत मोजण्याचा फायदा मात्र झाला. 'समोरासमोर'चा रकाना आठवतोय? नायक आणि खलनायक एका जागी किती वेळ असतात ते. मालिका-सिनेमाच्या यशात हा रकाना सगळ्यात जड असणार, अशी माझी पहिल्या भागापासूनची पैज होती. 'दुसऱ्या'त तो शून्य. पूर्ण कोरा. नायक कर्क आणि खलनायक खान अख्ख्या सिनेमात एकदाही एका खोलीत येत नाहीत. पहिल्या वेळी मी याला 'तंगीचा परिणाम' असा शेरा मारून पुढे गेलो होतो. तंगी होतीच म्हणा. १९७९ च्या पहिल्या सिनेमावर साडेचार कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि दुसऱ्याच्या हातावर त्याच्या जेमतेम पाव टेकवले. ब्रिजचा सेट एकच, तोच थोडा बदलून खानच्या ताब्यातल्या रिलायंट जहाजाचा ब्रिज केला. शॅटनर (कर्क) आणि मोन्तालबान (खान) यांचं चित्रीकरण वेगवेगळ्या वेळी. सुरुवातीच्या सराव-परीक्षेतली क्लिंगॉन शत्रूंची जहाजं तर सरळ पहिल्या सिनेमातून उचललेली.

पण या वेळी प्रत्येक डावापुढे मी एक नवा प्रश्न लिहीत गेलो : हे दोघे समोरासमोर असते तर हा डाव जमला असता का? उत्तर ओळीनं 'नाही'. खान साठ सेकंदांची मुदत देतो आणि तेवढ्यात कर्क रिलायंटचा संकेतांक टाकून तिची ढाल उतरवतो. दोघांच्या मधे पडदा आहे म्हणूनच ते जमतं, समोर उभ्या माणसाला त्याचे हात दिसले असते. पुढे कर्कचा सहकारी स्पॉक दुरुस्तीचा अंदाज तासांचा 'दिवसां'त सांगतो, कारण खान चोरून ऐकतोय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तोही डाव फक्त आवाजावर उभा. नेब्युलात, म्हणजे अंतराळातल्या ढगात, दोन्ही जहाजांचे पडदे आंधळे होतात तेव्हा तर पाणबुड्यांची लढाई सुरू होते. दिग्दर्शक निकोलस मायरच्या मनात हॉर्नब्लोअरच्या दर्यावर्दी कथा होत्या हे आपण सगळे घोकत आलो आहोत, पण दर्यावरच्या लढाईत शत्रूचं तोंड दिसत नाही, त्याची शिडं दिसतात, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आत्ता उतरली. एका सेटची अडचण कथेचं इंजिन होऊन बसली आहे. कोरा रकाना भरलेल्यापेक्षा जास्त बोलतोय.

हे 'दहाव्या'शी ताडून पाहिलं. 'नेमेसिस', २००२. तिथे नायक पिकार्ड आणि खलनायक शिन्झॉन पुन्हा पुन्हा भेटतात, बोलतात, जेवतात, शेवटी हातघाईवर येतात. रकाना ओसंडून वाहतोय. खर्च सहा कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई चार कोटी तीस लाखांच्या आसपास. शिवाय 'दुसऱ्या'तल्या स्पॉकसारखंच लाडक्या पात्राचं बलिदान. पण डेटा हा यंत्रमानव मरण्याआधीच त्याच्या आठवणींची प्रत दुसऱ्या यंत्रमानवात काढून ठेवलेली. एका हातानं रडवायचं आणि दुसऱ्या हातानं परतीची पावती द्यायची.

नाशिककर इथे म्हणणार, की स्पॉकही जाता जाता डॉक्टर मॅकॉयच्या चेहऱ्यावर हात ठेवून एक शब्द बोलतो, ती पावती नाही का? मान्य, आहे, पुढच्या सिनेमात स्पॉक तिच्याच जोरावर परततो. फरक एवढाच की १९८२ च्या प्रेक्षकाला ती वाचता येत नव्हती. मला स्वतःलाही दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुनी मालिका पाहिलेली असूनसुद्धा पहिल्या वेळी ते लक्षात आलं नव्हतं. डेटाची पावती मात्र ठळक अक्षरात.

आणि 'सम आकडे चांगले, विषम वाईट' हा जो नियम आपल्यातले काही जण अजून कपाळाला लावतात, त्यांनी 'दहावा' आकडा सम की विषम ते बोटांवर मोजावं.

यश म्हणजे पैसे म्हणावेत, तर हा सगळा उद्योगच बंद करायला लागेल. २०१३ च्या 'इन टू डार्कनेस'नं जगभरात ४६ कोटी डॉलरहून जास्त कमावले. 'दुसऱ्या'तला स्पॉकचा काचेआडचा मृत्यू त्यात माणसांची अदलाबदल करून परत वापरला आणि थोड्याच वेळात खानच्या रक्तानं मेलेल्याला उठवलं. माझ्या तक्त्यात त्याची कापणी दणदणीत आहे, पण जवळजवळ सगळी पेरणी 'वारसा' रकान्यातून, म्हणजे जुना सिनेमा पाहिलेल्याच्या आठवणीतून उसनी आणलेली. 'दुसऱ्या'त वारसा रकाना आश्चर्य वाटेल इतका हलका आहे. खान जुन्या मालिकेच्या १९६७ च्या भागातला, पण तो कोण, तिथे कसा आला, त्याची बायको कशी गेली, हे तो स्वतःच सांगतो. तेही रिलायंटवरच्या चेकॉव्हची तोंडावरची भीती आधी दाखवून. (चेकॉव्ह त्या जुन्या भागात नव्हताच, तरी खान त्याला ओळखतो. यावर पुरेसं भांडून झालं आहे, परत नको.)

आता चष्मा. ही या फेरीतली माझी सगळ्यात आवडती ओळ. कर्कच्या वाढदिवसाला मॅकॉय त्याला जुन्या धाटणीचा चष्मा देतो, कारण डोळ्यांचं औषध कर्कला सोसत नाही. कर्क अवघडतो. पुढे त्याच साठ सेकंदांत, जहाज अर्धं उद्ध्वस्त झालेलं असताना, पटलावरचं वाचायला त्याला सगळ्यांसमोर खिशातून तो चष्मा काढावा लागतो. मी तो प्रसंग फ्रेम-फ्रेम पाहिला. चष्मा लावताना तो क्षणभर अडखळतो, पुटपुटतो. म्हातारपणाबद्दल अख्ख्या सिनेमात जेवढे संवाद आहेत त्यापेक्षा त्या अडखळण्यात जास्त आहे. शेवटी स्पॉक गेल्यावर तो पुस्तक वाचायला चष्मा उघडतो, तर काच तडकलेली. पेरणी, पहिली कापणी, दुसरी कापणी, आणि वारसा शून्य.

इतकं लिहून झाल्यावर आठवलं, की हाच चष्मा 'चौथ्या'त परत येतो! १९८६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत कर्क तो जुन्या वस्तूंच्या दुकानात शंभर डॉलरना विकतो. दुकानदार म्हणतो, काचा धड असत्या तर जास्त मिळाले असते. म्हणजे तडा तसाच आहे. 'दुसरा' न पाहिलेल्याला तो एक चांगला विनोद आहे, पाहिलेल्याच्या घशात काहीतरी अडकतं. एकाच वस्तूवर दोन प्रेक्षकांना दोन वेगळे सिनेमे, आणि एकालाही उपाशी ठेवलेलं नाही. आत्तापर्यंत वारसा रकान्यात मी नुसतं 'आहे/नाही' लिहीत होतो. ते पुरत नाही. तिथे 'न पाहिलेल्याला काय मिळतं' असा उपरकाना पाडायला हवा, म्हणजे मागचे पाचही तक्ते परत उघडायचे. अरे देवा.

ठरलं होतं की यानंतर 'सहावा' घ्यायचा, तोही मायरचाच म्हणून. बदलतो. आता 'चौथा'. त्यात तर खलनायकच नाही. एक नळकांडं येतं, देवमाशांना साद घालतं आणि उत्तर मिळालं की निघून जातं. समोरासमोरचा रकाना तिथे कोरा ठेवायचा की पाडायचाच नाही, यावर मतं कळवा. दोन देवमाशांना मी तूर्तास 'नायक'मध्ये धरलं आहे.

'सहाव्या'साठी ज्यांनी आधीच मोजणी सुरू केली, त्यांनी थांबू नये, फक्त डिस्कची एकूण लांबी आणि फ्रेमचा वेग पहिल्या ओळीत लिहावा. माझ्याकडची 'चौथ्या'ची डिस्क त्याच पाकिटवाल्याची आहे. आईला सांगून ठेवलंय, बुधवारी शिकवणी आटोपली की पेटी बाहेरच राहू दे.