कॅन्ससची करकपात नेमकी कुठे फसली?

कर कमी केले की उद्योग येतात, हे अर्धंच खरं आहे. कोणता कर, कुणासाठी कमी केला आणि त्यापायी कोणता खर्च थांबला, हे पाहिल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. अमेरिकेतलं कॅन्सस राज्य या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखं आहे.

गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी 2012 मध्ये सही केलेल्या कायद्याने प्राप्तिकराचा कमाल दर 6.45 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर आला. नुसती दरकपात एक वेळ निभावली असती. पण एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित असलेली कंपनी), भागीदारी आणि एकल मालकीच्या व्यवसायांचा नफा राज्याच्या प्राप्तिकरातून पूर्णच वगळला गेला. माझ्या मते घोडं इथेच पेंड खातं. सवलतीसाठी ना यंत्र घ्यावं लागत होतं, ना माणूस नेमावा लागत होता. उत्पन्न पगाराऐवजी व्यवसायाचा नफा म्हणून दाखवता आलं की काम झालं.

आता हिशेब मांडू. वर्षाला 1 लाख डॉलर नफा असलेल्या मालकाचा जुन्या कमाल दरानेही जास्तीत जास्त 6,450 डॉलर कर वाचतो. ताशी 7.25 डॉलर या किमान वेतनाने पूर्णवेळ कामगाराचा वर्षाचा पगारच 15,080 डॉलर होतो. मग नवी भरती होणार कशातून? शिवाय गिऱ्हाईक वाढलं नसेल, तर हातात पैसा असूनही कुणी माणूस वाढवत नाही.

तिजोरीला फटका मात्र लगेच बसला. पहिल्याच पूर्ण वर्षात महसूल सुमारे 70 कोटी डॉलरने घटला. राज्याला अर्थसंकल्प समतोल ठेवावाच लागतो, कर्ज काढून रोजचा खर्च भागवता येत नाही. म्हणून महामार्गांचा निधी वळवला, निवृत्तिवेतन निधीचा हप्ता लांबवला. 2014 मध्ये राज्याचं पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, घसरलं. 2015 मध्ये विक्रीकर 6.15 वरून 6.5 टक्के केला, आणि तो किराणा मालावरही लागत होता! म्हणजे मालकाला दिलेली सूट गरिबाच्या पिशवीतून वसूल झाली. जून 2017 मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून कपातीचा बराचसा भाग मागे घेतला.

गुंतवणूकच हवी असेल, तर सवलत खरेदीशी बांधावी: नव्या यंत्राचा घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च, पहिल्याच वर्षी करपात्र नफ्यातून जास्त वजा करू द्यावा. यंत्र घेतलं नाही, तर सवलत नाही.